बिऱ्हाड हलवण्यापूर्वी : खुटबावहून मांडलेला हिशेब

पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी हडपसर, लोणी, उरुळी अशी एकेक स्थानके मागे टाकत यवतच्या पुढे आली की दोन्ही बाजूंना ऊस दाटू लागतो. हिवाळ्याचे दिवस असतील तर गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून धूर वर चढताना दिसतो आणि उकळत्या रसाचा गोड वास खिडकीतून आत येतो. यवत आणि केडगाव यांच्या मध्ये खुटबाव हे लहानसे स्थानक लागते. लांब पल्ल्याच्या गाड्या येथे थांबत नाहीत. थांबते ती फलाटावरच्या माणसांना बहुधा नावानिशी ओळखता येईल अशी साधी प्रवासी गाडी, तीही जेमतेम मिनिटभर.

या गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर आज असंख्य घरांत एकच प्रश्न चर्चेला असतो. मुले पुण्यात किंवा त्याहून दूर स्थिरावलेली आहेत. घरी सत्तरी ओलांडलेले आई-वडील दोघेच आहेत. पुण्यात राहणे परवडत नाही आणि तेथील गर्दी सोसवत नाही. मग दौंड किंवा बारामतीसारख्या मध्यम शहरात लहानसे घर घ्यावे का? दवाखाने जवळ येतील, बाजार जवळ येईल आणि खर्चही पुण्याइतका होणार नाही. विचार सरळ वाटतो. परंतु वैद्यकीय व्यवसायात अशा अनेक कुटुंबांशी बोलल्यावर मला जाणवले आहे की त्यांचा हिशेब अनेकदा घरभाड्यापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. उतारवयात राहणीचा खर्च घरभाड्याने ठरत नाही. तो उपचारांसाठी कराव्या लागणाऱ्या फेऱ्यांनी ठरतो, तसेच कोणाच्याही मदतीवाचून आपण दिवसातली किती कामे करू शकतो, यानेही ठरतो.

फेऱ्या मोजा

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपण त्या जागी आपल्या घरातले आकडे घालावेत.

समजा, खुटबावात स्वतःच्या घरात राहणाऱ्या एका जोडप्याला किराणा, दूध, वीज आणि नेहमीची औषधे मिळून महिन्याला ११,००० रुपये लागतात. पुण्यातील तज्ज्ञ डॉक्टरांकडे एकदा जायचे तर गाडीभाडे ३,००० रुपये आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज १,००० रुपये, म्हणजे एका फेरीला ४,००० रुपये पडतात. हेच जोडपे मध्यम शहरात गेले तर घरभाडे ८,०००, घरखर्च १४,००० (कारण परसातली भाजी आणि शेजारचे दूध आता विकत घ्यावे लागेल) आणि मदतनीस बाईचे ३,००० असे २५,००० रुपये होतात. तेथे दवाखान्याची एक फेरी मात्र रिक्षाने २०० रुपयांत होते.

आता फेऱ्या मोजा. रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात असून दोन महिन्यांतून एकदाच तपासणीला जायचे असेल, तर गावातला महिन्याचा खर्च १३,००० आणि शहरातला २५,१०० होतो. महिन्याला दोन फेऱ्या असतील, तर गावात १९,००० आणि शहरात २५,४०० लागतात. चार फेऱ्या झाल्या की पारडे फिरते : गावात २७,००० आणि शहरात २५,८००. मूत्रपिंड निकामी झाल्याने आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावे लागत असेल, तर गावातील खर्च ४३,००० वर जातो, शहरात तो २६,६०० राहतो. आठवड्यातून तीनदा जावे लागले तर तफावत आणखी वाढते.

घर तेच, माणसे तीच. केवळ फेऱ्यांच्या संख्येने उत्तर उलटले. म्हणून स्थलांतराचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने प्रथम मागील वर्षाची कागदपत्रे काढून दवाखान्याच्या फेऱ्या मोजाव्यात. त्यांतील किती फेऱ्या खरोखर मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडेच होत्या आणि किती यवतच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या कुटुंबवैद्यांकडे होऊ शकल्या असत्या, हेही पाहावे. पुष्कळदा दोन तज्ज्ञांच्या तारखा एकाच दिवशी घेतल्यानेच अर्धा प्रश्न सुटतो.

प्रवासाच्या सवलतीही हिशेबात धराव्यात. एसटीत ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट आहे आणि २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत मात्र २०२० मध्ये बंद करण्यात आली. उपचाराच्या खर्चासाठी ७० वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट करण्यात आले आहे. ही तरतूद ऑक्टोबर २०२४ मध्ये अमलात आली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार त्यात मिळतात. परंतु ते योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच मिळतात. नव्या गावी आपल्या आजाराचे उपचार करणारे असे रुग्णालय कोणते, हे घर पाहण्यापूर्वी पाहावे.

संकटाची रात्र

फेऱ्यांचा हिशेब रोजच्या आजारांचा झाला. दुसरा हिशेब एका रात्रीचा आहे. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यापूर्वी मेंदूचा सीटी स्कॅन आवश्यक असतो. हृदयविकाराच्या झटक्यात तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. म्हणून स्वतःला विचारा : रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर दार उघडून आत कोण येईल? १०८ क्रमांकाला पत्ता नीट कोण सांगेल? सीटी स्कॅन रात्री सुरू असलेले रुग्णालय किती मिनिटांवर आहे?

या प्रश्नांची उत्तरे गावाच्या विरुद्ध आणि शहराच्या बाजूने जातील, असे आपल्याला वाटेल. तसे नेहमी होत नाही. वस्तीवर हाक मारली की चार माणसे धावत येतात आणि कोणाची तरी गाडी दारात उभी असते. शहरातील तिसऱ्या मजल्यावरच्या बंद सदनिकेत रुग्णालय दहा मिनिटांवर असूनही सकाळपर्यंत कोणाला कळत नाही, असेही घडते. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये; हाक ऐकणाऱ्या माणसापासून मोजावे.

ज्याची किंमत रुपयांत होत नाही

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १११ शहरांचा राहणीसुलभता निर्देशांक जाहीर केला, त्यात पुणे पहिले आले. पुणेकरांना त्याचा आनंद होणे स्वाभाविक होते. परंतु तो क्रमांक संपूर्ण शहराचा असतो; आपल्या गुडघ्यांचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत मोकळ्या जागा व इमारती, वाहतूक, घर, सामाजिक सहभाग, आदर, नागरी सहभाग व रोजगार, माहिती आणि आरोग्यसेवा अशा आठ बाजू विचारात घेतल्या आहेत. आरोग्यसेवा ही आठांपैकी केवळ एक आहे, हे आपण विसरतो.

या दृष्टीने खुटबाव पाहा. येथे म्हातारा माणूस ओट्यावर बसला तरी त्याचा दिवस जातो, कारण जाणारा-येणारा प्रत्येकजण थांबून बोलतो. देवळापर्यंतची वाट पायांना पाठ असते. आजींना गोठ्यातले, परसातले, नातवंडांचे काही ना काही काम असते आणि ते काम हेच त्यांचे औषध असते. पण याच गावात गुऱ्हाळांच्या हंगामात दम्याच्या आणि जुन्या श्वासविकाराच्या रुग्णांचा त्रास वाढू शकतो. उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर असल्याने पहाटेचे फिरणे जपून करावे लागते. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवर पाय घसरतो आणि रात्री अंगणापलीकडच्या शौचालयापर्यंत जाणे हीच एक जोखीम असते.

आता बारामती पाहा. खुटबावहून चौफुला आणि सुपेमार्गे रस्त्याने जाता येते. रेल्वेने जायचे तर दौंडला गाडी बदलावी लागते. २०१९ पासून तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. शिवाय पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चारही दिशांना रेल्वे जाते, ही दूरच्या मुलांच्या येण्याजाण्याची मोठी सोय आहे. या गोष्टी खऱ्या अर्थाने मोलाच्या आहेत. परंतु सोसायटीत उद्वाहक आहे का, वीज गेल्यावर तो चालतो का, पायऱ्यांना कठडा आहे का, बाजारापर्यंत पदपथ आहे का, उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड येते, हे प्रश्न जाहिरातीत नसतात. शिवाय नव्या गल्लीत आपले नाव कोणालाच ठाऊक नसते. ज्यांना विस्मरणाचा आजार सुरू झाला आहे, त्यांच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. जुन्या घरात अंधारातही न्हाणीघर सापडणारी व्यक्ती नव्या घरात गोंधळते, घाबरते आणि कधी बाहेर पडून वाट चुकते. असे स्थलांतर अटळच असेल, तर जुनी खाट, देव्हारा, भिंतीवरचे घड्याळ आणि नेहमीची भांडी सोबत न्यावीत, आणि दिवसाचा क्रम शक्यतो बदलू नये.

केडगावचा धडा

खुटबावच्या पुढचेच स्थानक केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. नंतर केडगावला जमीन घेऊन त्यांनी तेथे फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी, हा त्यामागील विचार होता. दुष्काळ आणि प्लेगचे संकट कोसळले, तेव्हा निराधार मुलींना आसरा देण्यासाठी ही जागा उपयोगी पडली. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेही केडगावलाच.

शेकडो मुलींचे बिऱ्हाड हलवणाऱ्या या बाईंकडून दोन वृद्धांच्या बिऱ्हाडाने एक गोष्ट घ्यावी : नवी जागा आधी जोपासावी, मुक्काम नंतर हलवावा. आपल्याकडे बहुधा उलट होते. आजारपणाच्या घाबऱ्या क्षणी निर्णय होतो, पंधरा दिवसांत घर विकले जाते आणि परतीची वाट बंद होते.

निघण्यापूर्वी एवढे करा

१. नव्या गावात भाड्याने किमान एक महिना राहून पाहा. शक्य तर भर पावसाळ्यात. चांगल्या हवेत कोणतेही गाव चांगलेच वाटते.

२. तेथील एका कुटुंबवैद्याची भेट घ्या. जुने अहवाल, औषधांची यादी आणि ॲलर्जीची नोंद एका वहीत लिहून द्या. मोठ्या रुग्णालयापेक्षा आपल्याला ओळखणारा डॉक्टर अनेकदा अधिक उपयोगी ठरतो.

३. नव्या घरात पहिल्याच दिवशी न्हाणीघरात धरायला दांडी, न घसरणारी चटई आणि रात्रीचा मंद दिवा लावा. पडून खुब्याचे हाड मोडण्याइतके महाग स्थलांतर दुसरे नाही.

४. निवृत्तिवेतनाचे खाते, शिधापत्रिका आणि आधारवरील पत्ता यांची व्यवस्था निघण्यापूर्वी ठरवा. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला आता डिजिटल पद्धतीने कोठूनही देता येतो.

५. गावचे घर आणि जमीन किमान एक वर्ष विकू नका. मुलांच्या नावे मालमत्ता करायचीच असेल, तर सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ चा आधार घेण्यासाठी ती अट महत्त्वाची ठरते. अडचण आल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

६. जे जाणार आहेत त्यांना विचारा. हा सल्ला साधा वाटतो, पण कुटुंबाच्या बैठकीत सर्वांत कमी बोललेली व्यक्ती बहुधा तीच असते.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना आणि लेकी-जावयांना एक विनंती आहे. आई-वडील ‘नाही’ म्हणतात, तेव्हा तो हट्ट आहे असे लगेच समजू नका. त्यांच्याजवळ एक कागद घेऊन बसा. डाव्या बाजूला फेऱ्या आणि रुपये लिहा. उजव्या बाजूला आज ते कोणाच्याही मदतीवाचून काय काय करतात, ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या : दूध आणणे, देवळात जाणे, शेजारणीकडे बसणे, बाजारातून भाजी निवडून आणणे. मग नव्या गावी त्यांतले काय काय टिकेल, यावर खूण करा. उजवी बाजू बरीचशी टिकत असेल आणि डावी बाजू हलकी होत असेल, तर निःशंक मनाने निघावे. उजवी बाजू पुसली जात असेल, तर बचत कितीही दिसली तरी ती महागात पडेल. अशा वेळी बिऱ्हाड हलवण्याआधी महिन्यातून एकदा गाडीची सोय, घरात दांडी आणि दिवा, आणि रोज संध्याकाळी एक फोन, एवढ्यावर काय साधते ते पाहावे. अनेक घरांत तेवढ्यावर भागते.