पाटकरी

शेणव्याच्या नाक्यावर ‘ड्रायव्हर पाहिजे’ म्हणालात, तर एखादा जीपवाला पुढे येईल. माझा ड्रायव्हर टेबलावर बसून असतो. रुपयाच्या नाण्याहून जरासा मोठा हिरवा पीसीबी, मधोमध काळी कॉईल, कडेला बुटका कपॅसिटर आणि पितळी स्क्रूचा निळा ट्रिमपॉट. समोरच्या लेझर डायोडला ठरलेला करंट द्यायचा आणि त्यावर कणभरही जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

कालव्यावरचा पाटकरी आठवा. वर धरण तुडुंब भरलेलं असो, खालचा शेतकरी हातापाया पडो, दार किती उचलायचं ते पाटकऱ्याच्या हातात. हा त्याच कुळीतला. मागे बॅटरीत १२ व्होल्ट तुंबलेले. डायोडला लागतात जेमतेम दोन.

निमित्त झालं रानडुकरांचं. भात निसवला की ती खाचरात उतरतात, आणि सकाळी बांधाच्या कडेला लोळवलेला पट्टा तेवढा दिसतो. शेजारच्या दादांच्या शेतावर कॅमेरा लावला, पण त्याच्या एलईडींचा उजेड अर्ध्या वाटेतच पसरून विरायचा. लांबचा बांध दिसायला हवा होता. म्हणून ८०८ नॅनोमीटरचा, एक वॅटचा इन्फ्रारेड डायोड आणला, पुढे किरण पसरवणारी लेन्स, आणि सगळं उंच खांबावर, रस्त्याकडे पाठ करून. या उजेडाची भीती हीच, की तो डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही. त्या तरंगलांबीचा चष्मा घातल्याशिवाय मी टेबलावर त्याला हात लावत नाही.

दादांनी बोर्ड तळहातावर घेऊन पाहिला. “एवढासा? आन् हा डुकरं दावणार?”

डुकरं डायोड दाखवणार होता. पण डायोड हा भलताच नाजूक प्राणी. बल्बला थोडं जास्त दिलं तर तो जरा जास्त उजळतो, कुरकुरतो, चालतो. डायोडला तीनेकशे मिलिअँपियरपर्यंत काही वाटतच नाही. त्यापुढे लेझर सुरू होतो आणि दर वाढीव मिलिअँपियरला उजेड चढत जातो. माझ्या डायोडची मर्यादा साधारण १.२ अँपियर. ती एखाद्या मायक्रोसेकंदापुरती जरी ओलांडली, तरी त्याच्या सूक्ष्म काचेसारख्या टोकाचा पृष्ठभाग जळू शकतो. पुन्हा तापला की व्होल्टेजची मागणी कमी होते, म्हणून व्होल्टेज बांधून ठेवण्यात अर्थ नाही. बांधायचा तो करंट.

जुनी, सरळमार्गी युक्ती एलएम३१७ या रेग्युलेटर चिपची. तिचा १.२५ व्होल्टांचा हट्ट ठरलेला, १.२ ओहमचा रेझिस्टर लावा, १.०४ अँपियर मिळतात. गणित इतकं साधं की शाळेतल्या पोरानं करावं. आणखी एक गुण: तो रेझिस्टर तुटला तर करंट शून्यावर जातो, वर नाही. पण बॅटरीतल्या साडेबारा वॅटांपैकी डायोडला दोनेक वॅट जातात, बाकीचे दहा हीटसिंकवर चपाती भाजायला. उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात हा प्रकार टिकत नाही. म्हणून स्विचिंगवाला बक ड्रायव्हर घेतला. थंड, लहान, काटकसरी. मात्र याचा स्वभाव कागदावर कळत नाही.

त्यासाठी आसनगावहून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. दुकानदार प्रेमानं म्हणाला, “हा पाच अँपियरचा घ्या साहेब, दणका आहे.” मला दणका नको होता. मला विचारायचं होतं, सुरू होताना हा किती उसळतो? लाईट गेली-आली तर काय करतो? दुकानदारानं माझ्याकडे, जावयाचा पगार सोडून त्याचं झोपेतलं घोरणं विचारणाऱ्या सासऱ्याकडे पाहावं, तसं पाहिलं.

प्रश्न अनुभवातून आला होता. पहिल्या वेळी मी ड्रायव्हर आधी चालू केला आणि डायोड नंतर जोडला. मोकळ्या टोकांवर कपॅसिटर पूर्ण भरून बसला होता. तार लागताच सगळं डायोडच्या अंगावर. ना धूर, ना आवाज. मोबाईलचा समोरचा कॅमेरा धरला तर त्यात जांभळट ठिपकाही दिसत होता, करंटही जात होता. नुसता बांधावर अंधार. मेलेला लेझर डायोड कधीकधी एलईडी होऊन जगत राहतो, हे मला त्या रात्री कळलं.

आता कुठलाही नवा ड्रायव्हर आधी तीन साध्या डायोडांच्या रांगेवर आणि एका ओहमच्या रेझिस्टरवर चालवतो. रेझिस्टरवर जितके व्होल्ट, तितके अँपियर. पंचवीस वेळा चालू-बंद करतो, ट्रिमपॉट हलवतो, तारा ओढतो. जो घाबरून उसळतो तो केराच्या डब्यात. हा १.०४ अँपियरवर टिकला.

१९६२ साली रॉबर्ट हॉल यांच्या गटानं पहिला लेझर डायोड चालवला, तेव्हा तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून करंटचे निमिषमात्र धक्के द्यावे लागत. तेव्हाच्या ड्रायव्हरचं काम लाथ मारण्याचं. आताच्याचं रात्रभर सांभाळण्याचं. अमेरिकेतल्या लायगोच्या लेझरची सुरुवातही ८०८ नॅनोमीटरच्या अशाच एका, सुमारे चार वॅटांच्या डायोडपासून होते, आणि लायगोचं एक भावंड हिंगोलीत औंढा नागनाथजवळ उभं राहायचं आहे. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्यालाही रानडुकरं शोधणाऱ्यासारखाच एक पाटकरी लागतो, याचं मला उगीचच बरं वाटतं.

काल संध्याकाळी लाईट गेली. दादा माझ्या शेजारी स्क्रीनकडे बघत बसले होते. पाऊण तासानं लाईट आली, पंखा भर्रकन फिरला, चार्जरनं बॅटरी १२ वरून १४ व्होल्टांवर नेली. मीटरवर १.०४. १.०४. बांध पांढराफटक दिसत होता, आणि त्यावर दादांचाच कुत्रा बसून खाजवत होता.