पांढरा गंज

लोखंडास गंज चढतो, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ॲल्युमिनियमही सडते असे सांगितले, तर पुष्कळांना ते खरे वाटत नाही. स्वयंपाकघरातील पातेली आणि डबे वर्षानुवर्षे टिकतात, मग या धातूस कसली बाधा होणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे खानापूर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामात एका घरच्या पडवीत गेल्या उन्हाळ्यात आम्हांस जवळून पाहावयास मिळाले.

त्या पडवीत १९५९ सालची एक लँड रोव्हर गाडी कित्येक वर्षे उभी होती. घरातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सारा गाव अप्पा म्हणतो, त्यांनी ती जुनी विकत घेऊन तिच्यावर संसार केला. गोव्याहून मासळीच्या टोपल्या आणाव्यात, अडलेल्या बाळंतिणीस रात्री-अपरात्री बेळगावास पोहोचवावे, अशी तिची सेवा. आता अप्पांची ऐंशी वर्षे भरत आली आहेत. ती एकदा तरी पुन्हा चालू झालेली त्यांना दिसावी, म्हणून त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी ती घरीच दुरुस्त करावयास घेतली.

या जातीची गाडी प्रथम ३० एप्रिल १९४८ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. महायुद्धानंतर इंग्लंडात पोलाद मोजून मिळत असे. म्हणून कारखानदारांनी सांगाडा पोलादाचा ठेवून वरचे बहुतेक पत्रे मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे केले. गाडी हलकी झाली. परंतु दोन भिन्न धातू एकमेकांस खेटून बसले.

ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप एक पापुद्रा धरतो. तो मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही पातळ असतो, तरी धातूचे रक्षण तोच करतो. खारे पाणी हा पापुद्रा फोडते. त्यातच शेजारी पोलाद असेल आणि दोहोंमध्ये ओल साचली, तर त्या ठिकाणी विजेच्या घटासारखा व्यवहार सुरू होतो आणि त्यात झीज सोसावी लागते ती ॲल्युमिनियमला. त्याची पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, म्हणून वरचा रंग फोडासारखा फुगतो. मासळीच्या टोपल्यांतून वर्षानुवर्षे ठिबकलेल्या पाण्याने या गाडीच्या मागच्या हौद्यात नेमके हेच केले होते. पूर्वी एका टिंकरने त्या भुकटीवरच लांबी भरून रंग मारला होता. आत ओल कोंडली आणि एकदोन पावसाळ्यांतच लांबी सुटून आली.

सर्वांत वाईट स्थिती होती ती डाव्या बाजूच्या एका ठिगळाभोवती. ते ठिगळ १९८७ साली खुद्द अप्पांनी लोखंडी पत्र्याचे, लोखंडी रिव्हेट ठोकून बसविले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या ठिगळाच्या कडेकडेनेच मूळचा पत्रा वीतभर खाऊन गेला होता. चिरंजीव आमच्याकडे आले व म्हणाले, “फादर, हे अप्पांना तुम्हीच सांगा. माझ्याने होत नाही.” आम्ही म्हटले, “आम्ही सांगितले तर तो उपदेश होईल. तुम्ही त्यांच्या हाती ड्रिल द्या, आणि जवळ बसा.”

तसेच झाले, आम्हीही त्या दिवशी तेथे होतो. अप्पांनी एकेक रिव्हेट स्वतः काढला. ठिगळ सुटताच मागून पांढरी भुकटी ओंजळभर सांडली. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “त्या वेळी घरात हाच पत्रा होता.” चिरंजीव म्हणाले, “याच पत्र्यावर गाडी वीस वर्षे चालली, अप्पा. माझ्या कॉलेजची फी त्यातूनच निघाली.” अप्पा काही बोलले नाहीत, त्यांनी कानस मागितली.

पुढील काम दोघांनी मिळून केले. सडलेला भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापला, आणि कापाचे कोपरे गोल ठेवले, कारण टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते. पत्रा घासण्यास स्टेनलेस तारेचा वेगळा ब्रश ठेवला; लोखंडावर वापरलेल्या ब्रशाचे कण रुतून तेच दुखणे पुन्हा उद्भवते. नवा तुकडा त्याच जातीच्या पत्र्याचा घेतला. तो वाकविण्यापूर्वी मऊ करावा लागे. ॲल्युमिनियम तापले तरी लाल होत नाही आणि ६६० अंशांवर एकाएकी वितळते. म्हणून अप्पांनी त्यावर अंगाचा साबण चोळला, आणि ज्योतीने साबण काळसर होताच उष्णता थांबविली. ही युक्ती त्यांची. रिव्हेट ॲल्युमिनियमचे वापरले. जेथे पत्रा पोलादी सांगाड्यावर टेकतो, तेथे दोन्ही बाजूंस प्रायमर देऊन मध्ये ओल न धरणारी चिकटपट्टी घातली, आणि दारांच्या तळाची पाणी निचरण्याची बुजलेली भोके मोकळी केली.

ज्या घरी असे काम निघेल, त्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. जुन्या रंगात शिसे व क्रोमेट असू शकते. म्हणून तो पाण्याने भिजवून घासावा, तोंडावर चांगला मास्क बांधावा, आणि लहान मुलांस त्या जागी फिरकू देऊ नये. दुसरे, ॲल्युमिनियम व लोखंड एकाच ग्राइंडरवर घासू नये. दोहोंची भुकटी मिसळून ठिणगी पडली तर भयंकर आग भडकते.

गाडीचे इंजिन अद्याप उघडावयाचे आहे. परंतु हौद्याचे काम पुरे झाले असून, यंदाच्या पावसात तेथे एकही फोड उठला नाही. जुने लोखंडी ठिगळ चिरंजीवांनी भंगारात दिले नाही. घासून, रंगवून त्यांनी ते पडवीच्या दारावर खिळ्याने ठोकले आहे. लाकडावर ते कोणास अपाय करीत नाही. अप्पा येता-जाता त्यावर हात ठेवतात.