कापलेली सात मिनिटं



मंडळाच्या ग्रुपवर मी प्रवचनाचे छोटे छोटे ऑडिओ टाकते, ते तुम्ही ऐकता. गुडघ्यांमुळे बस्तीत येऊ न शकणाऱ्या आज्ज्यांना त्याचा उपयोग होतो, हे ऐकून बरं वाटतं. गेल्या महिन्यात तिघी-चौघींनी विचारलं, "वहिनी, एवढं मोठं रेकॉर्डिंग तुम्ही पाच-सात मिनिटांचं कसं करता? आम्हालाही शिकवा." म्हटलं, एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच लिहावं. पण लिहायला बसले आणि गेल्या पर्वातली एक गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय ही कृती सांगणं म्हणजे विळी हातात देऊन बोटं कशी सांभाळायची ते न सांगण्यासारखं होईल.

आधी कृती. माझ्याकडे लेकीचा जुना आयफोन आहे, त्यात व्हॉइस मेमो नावाचं ॲप असतं. दुसऱ्या फोनमध्येही रेकॉर्डर असतोच, बटणांची नावं थोडी वेगळी. रेकॉर्ड करताना फोन विमानाच्या खुणेवर ठेवा, म्हणजे मधेच कोणाचा फोन येणार नाही. फोन उघड्या टेबलावर ठेवू नका, खाली घडी घातलेला पंचा ठेवा. टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का त्यात ऐकू येतो.

रेकॉर्डिंग झालं की सगळ्यात आधी त्याची प्रत काढा, म्हणजे 'डुप्लिकेट' करा. काटछाट नेहमी प्रतीवर करायची, मूळ तसंच राहू द्यायचं. मग 'एडिट' उघडलं की आवाजाची उंच-सखल रेघ दिसते. बोलणं असतं तिथे डोंगर, गप्प असतं तिथे सपाट. कापायच्या खुणेवर दाबलं की दोन्ही बाजूंना पिवळे दांडे येतात, ते बोटाने सरकवायचे. आता इथे सगळ्याजणी फसतात. 'ट्रिम' दाबलं तर दोन दांड्यांमधलं राहतं आणि बाकीचं जातं. 'डिलीट' दाबलं तर दोन दांड्यांमधलंच जातं. मी पहिल्यांदा मुनी महाराजांचं अख्खं प्रवचन घालवून फक्त माझा खोकला शिल्लक ठेवला होता. प्रत काढलेली होती म्हणून वाचले.

मधले तुकडे काढायचे असतील तर शेवटाकडून सुरुवातीकडे या, म्हणजे कागदावर टिपलेल्या आधीच्या वेळा बदलत नाहीत. आणि शब्दाला अगदी चिकटून कापू नका, माणूस श्वास घेतो तेवढी जागा ठेवा. नाहीतर बोलणारा दचकल्यासारखा वाटतो.

एवढी झाली कृती. आता गोष्ट.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मी त्यांना आई म्हणते. दशलक्षणाचे दहाही दिवस त्यांचं एकाशन असतं. त्यांची धाकटी बहीण बेळगावला असते. आमच्या इचलकरंजीहून बेळगाव काही फार लांब नाही, पण दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कारण घरात कोणी स्पष्ट सांगत नव्हतं. 'पाटल्यांचं प्रकरण' एवढंच माझ्या कानावर होतं. क्षमावाणीला आई सगळ्या गणगोताला फोन करायच्या, शेजारणींचे पाय धरायच्या, माझ्यासारख्या सुनेलाही हात जोडायच्या. बेळगावचा नंबर मात्र कधी लागला नाही.

गेल्या वर्षी पर्वाच्या पहिल्या दिवशी, उत्तम क्षमेच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास त्या स्वयंपाकघरात आल्या. मुलांचं जेवण सूर्यास्ताआधी व्हायचं म्हणून माझी गडबड चाललेली. म्हणाल्या, "तू महाराजांचं बोलणं त्यात भरून ठेवतेस ना, तसं माझं भरून घे. मावशीला पाठवायचंय. फोनवर मला बोलवणार नाही, गळा भरतो." मी डब्यावर पंचा ठेवला, पंच्यावर फोन, आणि त्या बोलायला लागल्या. मी चपात्या लाटत होते. अर्धं कानावर पडत होतं, अर्धं कुकरच्या शिट्टीत जात होतं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद झाली.

"नीट करून ठेव आणि क्षमावाणीला पाठव," म्हणाल्या आणि सामायिकाला बसल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ते उघडलं. सुरुवात छान होती. लहानपणीच्या आठवणी, दोघी मिळून विहिरीवर जायच्या ते, मग "माझी चूक झाली असेल तर क्षमा कर." चौथ्या मिनिटाला मात्र गाडी पाटल्यांवर आली. "आई गेली तेव्हा पाटल्या कपाटात नव्हत्या. शेवटचे पंधरा दिवस तिथे तू एकटीच होतीस..." मी तिथेच थांबवलं. मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. अकरा वर्षांनी क्षमा मागायची आणि त्यातच हिशेब काढायचा? हे ऐकलं तर मावशी जन्मात बोलणार नाहीत.

मी पाटल्यांपासून पुढचं सगळं काढून टाकलं. शेवटी "सगळ्यांना आशीर्वाद, तुझी फार आठवण येते" होतं, ते तेवढं आणून क्षमेच्या वाक्याला जोडलं. कुकर गेला, खोकला गेला, हिशेब गेला. अडीच मिनिटांचं गोड बोलणं तयार झालं. जोड कुठे आहे ते मलाही ओळखता येईना. मला माझं फार कौतुक वाटलं. तो दिवस उत्तम आर्जवाचा होता, हे मला नंतर आठवलं. मनात, बोलण्यात आणि वागण्यात एकच असावं, असं त्याच सकाळी बस्तीत ऐकून मी घरी आले होते.

तुम्हाला माहीतच आहे, पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय घेतात. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. पंडितजी सत्याणुव्रताचे अतिचार समजावत होते. त्यात 'कूटलेखक्रिया' आली. समोरच्याने जे म्हटलंच नाही, ते त्याने म्हटलं असं लिहून ठेवणं. खोटे दस्तऐवज, खोट्या सह्या, अशी उदाहरणं त्यांनी दिली. सगळ्या जणी मान डोलवत होत्या, कारण खोटी सही आपण कशाला करू? माझी मात्र मान हलेना. मी स्वतःशी वाद घालत होते. मी एकही शब्द माझा घातलेला नाही, सगळा आवाज आईंचाच आहे. पण आईंनी अडीच मिनिटं बोलून थांबलेलं असं रेकॉर्डिंग केलंच नव्हतं. ते मी केलं होतं, आणि त्यांच्या नावाने पाठवणार होते.

दुपारी त्यांचं एकाशन झाल्यावर मी फोन घेऊन जवळ बसले. "आई, मी तुमचं बोलणं कापलंय," म्हणाले. त्या चिडल्या नाहीत. "ऐकव," म्हणाल्या.

अडीच मिनिटं ऐकली. "गोड झालंय," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "पण ह्यात मी क्षमा कशाची मागितलीय?"

मला काही बोलता आलं नाही. मी मूळ रेकॉर्डिंग लावलं. पाटल्यांनंतरचं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. होय मैत्रिणींनो, मी न ऐकताच कापलं होतं. पहिलं वाक्य ऐकून पुढचं काय असणार ते मी ठरवलं आणि डोंगर बघून दांडे सरकवले.

पाटल्यांनंतर आई म्हणत होत्या, "तू आजारपणात नुसती राहिलीस, केलं काही नाहीस, असंही मी बोलले. पाटल्या तूच नेल्यास असं मी सगळ्या भावकीत सांगितलं. तुझ्या लेकीची सोयरीक चालली होती, त्या लोकांनी चौकशी केली तेव्हा त्यांनाही सांगितलं. मी बघितलं नव्हतं गं तुला घेताना. बघितलं नसताना बोलले. ती सोयरीक मोडली. माझ्या बोलण्याने मोडली का मला माहीत नाही, पण मी बोलले होते."

माझ्या काटछाटीत हेच गेलं होतं. राहिलं होतं ते "चूक झाली असेल तर". आपण दरवर्षी शंभर जणांना पाठवतो, तसलं.

आईंनी पूर्ण ऐकलं. स्वतःचा आवाज त्या आयुष्यात पहिल्यांदा असा सलग ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "मी अशी बोलते? इतकी टोचून?" मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "परत लाव." त्या दुपारी आम्ही ते चार वेळा ऐकलं. आलोचना म्हणजे स्वतःचे दोष स्वतः उघडून बघणं, असं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. डोळ्यांपुढे घडताना तेव्हा पाहिलं.

मी म्हटलं, "पुन्हा नव्याने बोलता का? त्याच जागी दुसरं वाक्य भरायचीही सोय आहे ह्यात." त्या नको म्हणाल्या. "पुन्हा बोलायला बसले तर चांगलं चांगलंच बोलेन. हेच राहू दे. कुकर काढ, खोकला काढ, तो तुझा भाग. माझे शब्द काय काढायचे ते मी सांगेन."

आणि त्यांनी सांगितलं. "शेवटचे पंधरा दिवस तू एकटीच होतीस" हे काढायला लावलं. म्हणाल्या, "हे मी तिला अजून टोचतेय." "आजारपणात केलं काही नाहीस" ह्यावर बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "हे ठेव. असं मी लोकांत बोलले होते, हे तिला कळू दे." पाटल्या, भावकी आणि सोयरीक सगळं राहिलं. साडेसात मिनिटं झाली. आवाज स्वच्छ करायचं बटण मी दाबलं, मागची घरघर कमी झाली. जोड एका ठिकाणी ऐकू येत होता. तो मी मुद्दाम तसाच ठेवला.

क्षमावाणीला सकाळी ते पाठवलं. अशी फाईल पाठवली की व्हॉट्सॲपवर माईकऐवजी हेडफोनची खूण येते, म्हणून त्याच्याखाली मी लिहिलं, "मावशी, आईंनी आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं आहे. काही भाग त्यांच्या सांगण्यावरून काढला आहे." दुपारी निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आई काही बोलल्या नाहीत, पण जपाची माळ हातातून खाली ठेवत नव्हत्या.

चौथ्या दिवशी मावशींचा आवाज आला. एक मिनिट बारा सेकंद.

"अक्का, पाटल्या मी नेल्या नव्हत्या. आईनेच दवाखान्यासाठी मोडायला दिल्या होत्या. कोणाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली होती. म्हणून अकरा वर्षं गप्प होते. लेकीचं मात्र मी विसरले नाही. क्षमा केली म्हणते, पण विसरले असं म्हणणार नाही. एकाशनं सोसली का तुला? गुडघा कसा आहे?"

मागे कुत्रं सारखं भुंकत होतं. आईंनी फोन कानाला लावून तीनदा ऐकलं. मी विचारलं, "कुत्र्याचा आवाज काढून देऊ का? नीट ऐकू येईल."

"राहू दे," म्हणाल्या. "तिच्या दारातलं आहे."

ते रेकॉर्डिंग मी अजून तसंच ठेवलं आहे, त्याची प्रत लेकीच्या फोनमध्येही आहे. दोघी आता रविवारी बोलतात. कधी भांडतात, कधी दहा मिनिटं लोणच्याच्या खारावर जातात. मावशींची लेक अजून आईंशी बोलत नाही. ह्या वर्षी तिच्यासाठी वेगळं बोलायचं, असं आईंनी परवाच मला सांगितलं. फोन मी ठेवणार, पंचाही ठेवणार. पण त्या बोलत असताना ह्या वेळी चपात्या लाटणार नाही.

तर मैत्रिणींनो, कापायला शिका, फार उपयोगाचं आहे. मी आता तीन नियम पाळते. मूळ प्रत कधी पुसायची नाही. चुकून पुसलीच तर आयफोनमध्ये ती नुकत्याच पुसलेल्यांत तीस दिवस सापडते, तेवढ्यात परत आणा. कापण्याआधी शेवटपर्यंत ऐकायचं, रेघ बघून ठरवायचं नाही. आणि आवाज ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय शब्दाला हात लावायचा नाही. महाराजांच्या प्रवचनाचा तुकडा टाकतानाही मी आता 'संक्षिप्त' असं लिहिते, ते ह्याचमुळे.

ह्यापूर्वी मंडळावर टाकलेल्या कुठल्या ऑडिओत माझ्या कापण्याने कोणाच्या बोलण्याचा अर्थ बदलला असेल, तर त्याबद्दल मी तुम्हा सगळ्यांची क्षमा मागते. कुठल्या ते आठवत असेल तर नक्की सांगा. मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत, पुन्हा ऐकून दुरुस्त करेन.

जय जिनेंद्र.