चाकांवरची बिऱ्हाडं

पेन्सिल्व्हेनियातलं हर्शी हे चॉकलेटचं गाव. मुख्य रस्त्याचं नावच चॉकलेट अ‍ॅव्हेन्यू. त्या रस्त्यावरचे दिवे ‘किसेस’ नावाच्या टोकदार चॉकलेटच्या आकाराचे, काही चांदीच्या वेष्टनातले तर काही वेष्टन सोललेले. एरवी माणसं इथं येतात ती चॉकलेटसाठी आणि हर्शीपार्कमधल्या रोलर कोस्टरसाठी. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही एकदा तरी इथं येऊन गेलेली असतात. सप्टेंबरच्या मध्यावर मात्र जायंट सेंटर या आइस हॉकीच्या स्टेडियमभोवतीच्या वाहनतळावर वेगळंच गाव वसतं. हजाराहून जास्त घरं. प्रत्येकाला दार, दारापुढे घडीची पायरी, बहुतेकांना स्वयंपाकाचा ओटा आणि सगळ्यांना चाकं. आयोजक याला अमेरिकेतलं सर्वांत मोठं आरव्ही, म्हणजे चाकांवरच्या घरांचं, प्रदर्शन म्हणतात. सकाळी दहाच्या सुमाराला आत शिरलेल्या माणसाचे पाय दुपारपर्यंत ते खरं मानायला लागतात.

अनोळखी घरात पाऊल टाकताना माणूस एरवी थोडा आखडून असतो. इथं तो संकोच पहिल्या पायरीवरच संपतो. आत आलेला माणूस थेट कपाटं उघडतो, शेगडीवरचं झाकण उचलतो, गादी दाबतो आणि मग सरळ आडवा होतो. सहाफुटी नवरा पाय ताणून छताकडे बघत पडलेला, बायको मोरीत उभी राहून डोकं धुतल्याचा अभिनय करत कोपर कुठं आपटतं ते अजमावते आहे, आणि बाहेर पुढचं कुटुंब आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळलेलं. सर्वांत शहाणे ते, जे संडासात जाऊन दार आतून लावून घेतात. बसल्यावर गुडघे दाराला टेकतात की नाही, हे बाहेरून बघून कळत नाही. मुलांना यातलं काहीच नको असतं. त्यांना फक्त शिडी दिसते. ड्रायव्हरच्या टपावर पलंग असलेली मोटरहोम दिसली की ती वर चढतात आणि आईबापांनी तीनदा हाक मारेपर्यंत उतरत नाहीत.

लहानापासून सुरुवात करणारा शहाणा. अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा टीअरड्रॉप ट्रेलर आतून नुसता पलंग असतो. स्वयंपाकघर मागच्या झडपेखाली, म्हणजे भाजी परतणारा उघड्यावर उभा. पाऊस आला तर झडप डोक्यावर, पाठ मात्र भिजणार. त्याच्या शेजारी पॉप-अप. रस्त्यावर ती एक बसकी पेटी. मुक्कामावर हँडल फिरवलं की छप्पर वर सरकतं, दोन बाजूंनी पलंग बाहेर येतात आणि भिंतींच्या जागी कापड ताणलं जातं. हे छप्पर उचलणारी सोपी यंत्रणा लॉइड बॉनट्रेगर यांनी तयार केली आणि १९६८ मध्ये इंडियानातल्या मिडलबरीजवळच्या आपल्या शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यांत कारखाना थाटला. ती कंपनी म्हणजे जेको. आज तिचे ट्रेलर प्रदर्शनात जिकडेतिकडे दिसतात, पण त्यांत कापडी भिंतींचे शोधावे लागतात. लोकांना आता घट्ट भिंत हवी.

घट्ट भिंतीची ही मागणी जुनीच आहे. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे जीवाणुशास्त्रज्ञ. १९२९ मध्ये बायकामुलांना घेऊन ते मिशिगनच्या उत्तरेला सहलीला निघाले. बरोबर तंबूचा एक ट्रेलर विकत घेतला होता, काही मिनिटांत उभा राहतो अशी जाहिरात असलेला. वाटेत वादळी पावसानं गाठलं. तंबू काही मिनिटांत उभा राहिला नाही आणि सगळं कुटुंब चिंब झालं. घरी परतल्यावर शर्मन यांनी स्वतःच्या आराखड्यानुसार लाकडी भिंतींची पेटी बनवून घेतली, आत कपाटं, शेगडी आणि झोपायची सोय केली. मुलांनी तिला ‘कव्हर्ड वॅगन’ म्हणायला सुरुवात केली. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी ती डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात मांडली. मंदीचे दिवस असूनही मागण्या आल्या, आणि १९३६ पर्यंत त्यांची कंपनी देशातली सर्वांत मोठी ट्रेलर उत्पादक झाली होती. पुढं ती बंद पडली. हर्शीत शर्मन यांचं नाव कुठंही लिहिलेलं दिसत नाही, पण प्रदर्शनाच्या दुपारी अचानक सर आली की सगळी गर्दी ट्रेलरांत शिरते आणि घट्ट छपराचा तोच जुना युक्तिवाद विक्रेत्यानं तोंडही न उघडता पटतो.

फायबरग्लासच्या अंडाकृती ट्रेलरांचा वंश तर आणखी मजेदार. कॅनडातल्या विनिपेगचे रे ओलेको आधी फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्या बनवायचे. टाकी हलकी, एकसंध, पाणी न गळणारी. मग त्याच रीतीनं त्यांनी १९६८ मध्ये तेरा फुटी ‘बोलर’ बनवला. साच्यातून काढलेले दोन अर्धे भाग मधोमध जोडायचे, की झाला ट्रेलर. जितके सांधे कमी तितकी गळती कमी, हे ट्रेलरच्या जगातलं खरं शहाणपण. चौकोनी, जोड देऊन बांधलेल्या ट्रेलरांचं आयुष्य अपघातापेक्षा पाण्यानंच जास्त संपतं. छपराच्या कडेचं सील सुटतं, पाणी भिंतीत उतरतं, आतला थर कुजतो आणि बाहेरचा पत्रा फुगतो. म्हणून जाणकार नव्या ट्रेलरमध्येही पडदे बघत बसत नाही. तो कोपऱ्यांतून बोट फिरवतो.

चांदीसारखे चमकणारे, गोल खांद्यांचे एअरस्ट्रीम मात्र पडदे बघणाऱ्यालाही थांबवतात. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटनं ठोकून जोडायची ही विमानाची रीत वॉली बायम यांनी १९३६ च्या ‘क्लिपर’पासून पुढं नेली. बायम हे कंपनीचे मालक आणि अतोनात हौशी माणूस. १९५९ मध्ये ते चाळीसेक ट्रेलरांचा तांडा घेऊन केपटाउनहून निघाले आणि पुढच्या वर्षी कैरोला पोहोचले. कारखाना १९५२ पासून ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला आहे. एका एअरस्ट्रीमच्या वाट्याला मात्र प्रवासाऐवजी कोंडून घेणं आलं. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघे अंतराळवीर चंद्रावरून परतले, तेव्हा तिथून काही जंतू आले असतील या भीतीनं नासानं त्यांना ‘हॉर्नेट’ या जहाजावर एअरस्ट्रीमपासून बनवलेल्या बंदिस्त खोलीत ठेवलं. सोबत एक डॉक्टर आणि एक अभियंता. अध्यक्ष निक्सन त्यांच्याशी खिडकीच्या काचेतून बोलले. अडीच लाख मैलांच्या परतीच्या प्रवासानंतरचा पहिला मुक्काम ट्रेलरमध्ये, ही जाहिरात कुठल्याही कंपनीला पैसे मोजून मिळाली नसती.

मोठ्या घरांच्या रांगेत आलं की वास बदलतो. नवा रेक्झिन, नवा डिंक, गालिचा. फिफ्थ व्हील ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला लावत नाहीत. त्याची मान पिकअप ट्रकच्या हौद्यात बसते, त्यामुळे पुढचा भाग उंच आणि निजायची खोली दोन पायऱ्या वर. खाली दिवाणखाना, ओट्याभोवती फिरायला जागा, आरामखुर्च्या, टीव्हीखाली विजेची खोटी शेकोटी. रस्त्यावर साडेआठ फुटांपेक्षा रुंद वाहन नेता येत नाही, मग एवढी ऐसपैस जागा येते कुठून? भिंतीतून. बटण दाबलं की सोफ्यासकट भिंत बाहेर सरकते. तिला स्लाइड-आउट म्हणतात, आणि प्रदर्शनात सगळ्या स्लाइड-आउट उघड्याच असतात. खरी परीक्षा त्या मिटल्यावर असते. हायवेच्या कडेला दुपारी दोन वाजता थांबलं, सगळ्या भिंती आत, तर फ्रीजचं दार उघडतं का? संडासापर्यंत पोचता येतं का? गर्दीच्या दिवशी कुणी विक्रेता भिंत मिटवून दाखवायला फारसा तयार नसतो, पण विचारावंच.

विक्रेत्यांना दुसराही एक प्रश्न फारसा आवडत नाही. वजन किती? दाराजवळ एक पिवळी पट्टी चिकटवलेली असते. सामान आणि माणसं धरून किती भार चालेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. चाळीस गॅलन पिण्याचं पाणी भरलं की तेवढ्यानंच दीडशे किलो जातात, अजून तांदळाचा डबाही चढलेला नसतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर पडायला हवा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि पुढची गाडीही त्याच्या मागे फरफटते. जागोजागी लावलेला ‘अर्ध्या टनाचा ट्रकही ओढू शकेल’ हा फलक बहुधा रिकाम्या ट्रेलरबद्दल बोलत असतो. सहलीला रिकामं कोण जातं?

ओट्याशी उभ्या राहिलेल्या मराठी बाईला मात्र आधी वेगळाच हिशेब सुचतो. शेगडीपासून उशीपर्यंत अंतर फार तर आठ फूट. डोक्यावर धुराची घंटा, पायाशी गॅसगळतीची घंटा. मिरचीची फोडणी बाहेर पडवीतच द्यावी लागणार. तिचा हा हिशेब मापाच्या पट्टीइतकाच बरोबर आहे. प्रदर्शनात तसं बाहेरचं स्वयंपाकघर असलेले ट्रेलर पुष्कळ: बाजूची झडप उचलली की शेगडी आणि छोटा फ्रीज.

जुन्या धाटणीचा आरव्हीचा फ्रीज हा स्वतंत्र नवलाचा विषय. त्यात फिरणारा भागच नाही. खाली गॅसची ज्योत पेटते आणि वर बर्फ होतं. उष्णतेनं अमोनिया उकळवून थंडी निर्माण करायची ही युक्ती स्टॉकहोमच्या फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये काढली. अट एकच, गाडी सपाट जमिनीवर उभी हवी. कललेल्या गाडीत अमोनिया नीट फिरत नाही. आता बॅटरीवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रीज त्याची जागा घेत आहेत, सोयीचे आणि अगदी नीरस.

घरांच्या एवढ्या तऱ्हा असल्या तरी त्यांचं गाव बहुतेक एकच. अमेरिकेतल्या आरव्हींपैकी फार मोठा वाटा इंडियानातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत बनतो, आणि तिथल्या कारखान्यांत आमिश कामगार मोठ्या संख्येनं आहेत. स्वतः मोटार न बाळगणारी, घोड्याच्या बग्गीतून फिरणारी ही माणसं दिवसभर दुसऱ्यांची मोटारघरं बांधतात. करोनाच्या काळात हॉटेलं आणि विमानं नकोशी झाली तेव्हा या गावांना उसंत मिळाली नाही. २०२१ मध्ये कारखान्यांतून ६ लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या. २०२३ मध्ये हा आकडा ३ लाख १३ हजारांवर आला. घाईच्या त्या दिवसांतल्या कामाबद्दल जुने ग्राहक अजून कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर खोटी नाही.

किमतीच्या पाट्या वाचण्यात तर एक दुपार जाते. मूळ किंमत लाल रेघेनं खोडलेली, तिच्याखाली प्रदर्शनाची किंमत, आणि सर्वांत मोठ्या आकड्यांत महिन्याचा हप्ता. हप्ते किती, ते बारीक अक्षरात. मोठ्या गाडीचं कर्ज वीस वर्षांपर्यंत चालतं. पलंग, स्वयंपाकाची सोय आणि संडास असला की अमेरिकेच्या कर खात्याच्या लेखी ते दुसरं घर ठरू शकतं आणि व्याजावर सवलत मागता येते. किंमत मात्र गाडीचीच चाल धरते, दुकानाबाहेर पडताच उतरते. फुटांच्या हिशेबानं बघितलं तर सर्वांत महाग पडतात त्या छोट्या व्हॅन. मर्सिडीज स्प्रिंटरच्या पोटात पलंग, शेगडी आणि आंघोळ-संडास एकाच कपाटात कोंबलेली मोटरहोम दीड-दोन लाख डॉलर सहज मागते.

ज्यांना ही किंमत परवडत नाही तेही आरव्हीत राहतात, सुट्टी म्हणून नव्हे. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात घरभाडं झेपेना म्हणून गाडीत राहणाऱ्या, म्हातारपणी गोदामांतून हंगामी काम करत फिरणाऱ्या माणसांची हकिगत सांगितली. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. हिवाळ्यात यांतली बरीच मंडळी अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझाइटच्या वाळवंटात जमतात. सप्टेंबर ते एप्रिल सरकारी जमिनीवर मुक्काम करायला तिथं वर्षानुवर्षं १८० डॉलर पडत आले. हर्शीच्या झगमगाटात त्यांच्यापैकी कुणी दिसत नाही, आणि त्यांच्या जुन्या गाड्यांना इथं कुणी रांगेत उभंही करणार नाही.

इकडे महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये अशाच घरांच्या, म्हणजे कॅराव्हॅनच्या, पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. आपल्याकडची कॅराव्हॅन बहुतेक बस किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली असते, आणि तेच बरोबर. आंबेनळी घाटाच्या वळणांवर चाळीस फुटी फिफ्थ व्हील वळवण्याचा विचार एस.टी.चा मुरलेला चालकही करणार नाही. तरीही हर्शीतली एक गोष्ट आपल्याकडच्या धोरणकर्त्यांनी पाहण्यासारखी आहे: मोठ्या गाड्यांखालच्या तीन टाक्या. स्वच्छ पाण्याची एक, मोरीच्या सांडपाण्याची दुसरी, मैल्याची तिसरी. ही तिसरी टाकी रिती करायची जागा प्रत्येक मुक्कामावर ठरवून बांधली नाही, तर कोकणच्या किनाऱ्यावर कॅराव्हॅन आणण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या कुणा वाचकाला पुढच्या सप्टेंबरात हर्शीला जायचं असेल, तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, शनिवारी गर्दीत पलंगही दिसत नाही. खिशात मापाची पट्टी ठेवा, आपल्या ट्रकची ओढण्याची क्षमता कागदावर लिहून न्या आणि पडद्यांआधी दाराजवळची पिवळी पट्टी वाचा. विक्रेता कितीही गोड बोलला तरी त्या दिवशी सही करू नका.