सावकारांच्या गल्लीपासून हाजींच्या मनोऱ्यापर्यंत

मलेशियाची राजधानी क्वालालंपूर म्हटली की पेट्रोनासचे जोडमनोरे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु तिथल्या सामान्य माणसाने पै-पै करून पैसा कसा जमवला, हे ज्याला पाहायचे असेल त्याने आपली फेरी क्लांग आणि गोंबाक या नद्यांच्या संगमापासून सुरू करावी. संगमाच्या टोकावर १९०९ साली बांधलेली जामेक मशीद आहे. तिथून जवळच लेबुह अंपांग नावाचा जुना रस्ता आहे. एके काळी ही सावकारांची गल्ली होती, आणि हे सावकार होते आपल्याच देशातून, तामिळनाडूतून गेलेले चेट्टियार!

इंग्रजी अमदानीत मलाय शेतकरी जमीन गहाण टाकून त्यांच्याकडून कर्ज काढी. जमिनी परक्यांच्या हाती जाऊ लागल्या, तेव्हा १९१३ साली सरकारला त्या राखून ठेवण्याचा कायदा करावा लागला. सावकारी पाश म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

इस्लामला व्याज निषिद्ध. त्यामुळे श्रद्धाळू मलाय माणूस बँकेची पायरी चढत नसे. पैसा उशीत, गादीखाली राही. हजला जायचे तर कित्येक जण जमीन, म्हशी विकून टाकीत. माणूस हाजी होऊन परते. पण घरी पोटाला आधार उरलेला नसे.

हे दुखणे ओळखले उंगकू अझीझ या अर्थशास्त्रज्ञाने. खेड्यातली गरिबी मोजण्याची त्यांची रीत मोठी साधी होती. घरात लुंग्या, म्हणजे सारोंग, किती आणि माणसे किती, एवढे ते पाहत. अंगावरच्या वस्त्रावरून त्यांना घरची स्थिती कळे. १९५९ साली त्यांनी योजना मांडली, की हजसाठी थोडे थोडे पैसे साठवा, ते व्याजाविना धंद्यात गुंतवा आणि नफा ठेवीदारांना वाटा. १९६३ साली संस्था सुरू झाली, तेव्हा खातेदार होते अवघे १,२८१. आज ही संख्या ९० लाखांवर आहे. 'ताबुंग हाजी' हे तिचे नाव. तुन रझाक मार्गावर कमरेत बारीक, ढोलाच्या आकाराचा तिचा ३८ मजली मनोरा दुरूनही ओळखू येतो.

या अनुभवातून पुढचे पाऊल पडले. १९८३ साली कायदा होऊन 'बँक इस्लाम' निघाली, १९८४ साली विम्याचा कायदा झाला, आणि १९९३ पासून इतर बँकांनाही बिनव्याजी व्यवहाराची मुभा मिळाली. आज देशातल्या बँकांच्या एकूण कर्जवाटपात या पद्धतीचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे, आणि गिऱ्हाइकांत चिनी व इतर बिगरमुस्लिमही आहेत. या वाढीच्या काळात, २००० ते २०१६, मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नर होत्या झेती अख्तर अझीझ. उंगकू अझीझ यांचीच ही कन्या! त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून ईशान्य किनाऱ्यावरच्या कोटा बारूला जायला हवे. तिथला सिती खदिजा बाजार पैगंबरांच्या व्यापारी पत्नीच्या नावाचा आहे आणि तो मुख्यतः बायकाच चालवतात. भाजी, सुकी मासळी, कापड, सगळीकडे त्यांचीच बोली. अशा बाईला भांडवल हवे तर ती अंगावरचे सोने गहाण ठेवते. १९९२ साली तेरेंगानू आणि केलांतान या राज्यांत 'अर-रहनू' पेढ्या निघाल्या. कर्जावर व्याज नाही. सोने सांभाळण्याचे शुल्क तेवढे घेतात. कर्ज फिटले नाही तर दागिना विकतात, मात्र येणे वजा जाता उरलेली रक्कम मालकिणीला परत देतात.

तरीही सारेच आलबेल आहे असे समजू नये. बँक घर विकत घेते आणि गिऱ्हाइकाला चढ्या किमतीला हप्त्यांनी विकते. त्या 'नफ्या'ची टक्केवारी पाहिली तर ती बाजारातल्या व्याजदराच्या आसपासच भरते. काही कर्जांत तर पामतेलाची कागदोपत्री खरेदी-विक्री होऊन रोकड हाती पडते. हे व्याजाचेच दुसरे नाव नव्हे काय, असा सवाल खुद्द मुस्लिम विद्वान करतात. उत्तर म्हणून एवढे सांगता येते, की किंमत करारातच ठरलेली असते आणि थकबाकीवर चक्रवाढ चढत नाही.

दुसरा धडा ताबुंग हाजीचाच. तिची देणी मालमत्तेपेक्षा सुमारे ४१० कोटी रिंगिटने जास्त झाल्याचे २०१८ साली उघड झाले. ताकदीबाहेर नफा वाटला गेला होता. सरकारने संस्था सावरली आणि २०१९ पासून तिच्यावर मध्यवर्ती बँकेची देखरेख आली. श्रद्धेने माणूस पेढीच्या दारापर्यंत येतो. पण त्याची ठेव शाबूत राहते ती चोख हिशेबाने आणि त्या हिशेबावरच्या कडक पहाऱ्याने. उशीतला पैसा बाहेर काढायला लावणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती कोणत्याही धर्माची वा देशाची असो, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.