पडद्यामागचे कर्णे

आमच्या हॉलमध्ये दोन स्पीकर आहेत. उंची साधारण माझ्या खांद्याइतकी. खाली भलामोठा लाकडी खोका, त्यात १५ इंची कागदी शंकू आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर उमलत जाणाऱ्या लाकडी भिंती. खोक्याच्या माथ्यावर पत्र्याचा काळा कर्णा. पहिल्यांदा घरी आलेला माणूस दारातच थबकतो. सोसायटीतली मुलं त्यांना 'भोंगे' म्हणतात. माझी बायको पाहुण्यांसमोर 'सासऱ्यांचं फर्निचर' म्हणते. पाहुणे गेल्यावर जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे स्पीकर अण्णांच्या टॉकीजचे. अण्णांच्या म्हणजे मालकीच्या नव्हे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे वडील ३१ वर्षं सिनेमाचे ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली तेव्हा प्रोजेक्टर भंगारात किलोवर गेले, व्हॉल्व्हचे अँप्लिफायर त्याआधीच गेले होते. मालकांनी विचारलं, काही हवंय का? अण्णांनी पडद्यामागचे स्पीकर मागितले. कंपनीची पाटी कुणीतरी आधीच उचकटून नेलेली. मग कितीतरी वर्षं ते गावच्या घरात, सोप्यातल्या कोपऱ्यात पोत्यांखाली पडून होते. आई गेल्यावर अण्णा आमच्याकडे पुण्याला आले, तेव्हा टेम्पोत त्यांची ट्रंक, आईच्या हातच्या सहा गोधड्या आणि हे दोघे होते.

तोवर अण्णांना ऐकू येणं बरंच कमी झालं होतं. टीव्हीचा आवाज इतका मोठा असायचा की खालच्या मजल्यावरून फोन यायचा. यंत्र कानाला लावलं की शिट्टी वाजते म्हणून ते डबीत. हळूहळू त्यांनी टीव्हीच सोडला. 'नुसता कालवा ऐकू येतो, शब्द कळत नाहीत,' म्हणाले आणि खिडकीत बसू लागले. मला वाटलं, त्यांचे स्पीकर वाजते केले तर त्यांना बरं वाटेल. खरं सांगायचं तर मलाही ते वाजवून बघायचे होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या माणसाच्या घरात असली वस्तू गप्प बसून राहते, हे सहन होत नाही.

हे कर्णे मुळात का बनले, हे आधी सांगायला हवं. १९२०च्या दशकाच्या शेवटी सिनेमा बोलू लागला, तेव्हा अँप्लिफायरची ताकद जेमतेम काही वॉट असायची आणि समोर शेकडो माणसांचं थिएटर. शंकू नुसताच हवेत हलवला तर त्याची बहुतेक ताकद वाया जाते. हवा फार हलकी, ती पकडीतच येत नाही. तुतारी वाजवणाऱ्याने तुतारी बाजूला ठेवून नुसते ओठ फुरफुरवले तर किती लांब ऐकू जाईल? ओठ तेच, फुंकर तीच. तुतारीची वाढत जाणारी नळी त्या फुंकरीची आणि मोकळ्या हवेची गाठ घालून देते. स्पीकरचा कर्णा हेच करतो.

असे कर्णे घरात आणणारे लोकही जुनेच. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली आर्कान्सातल्या होप या गावी कंपनी काढली आणि खोलीचा कोपराच कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणून वापरणारा स्पीकर विकायला सुरुवात केली. पण १९५४मध्ये एडगर व्हिल्चर यांचा छोटा, हवाबंद खोक्याचा स्पीकर आला आणि घरगुती स्पीकरचं जग दुसऱ्या वाटेने गेलं. या धंद्यात हॉफमन यांचा एक नियम प्रसिद्ध आहे: छोटा खोका, खोल खर्ज आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हीपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. लोकांनी पहिल्या दोन निवडल्या, कारण घरं लहान होती आणि ट्रान्झिस्टर आल्यावर वॉट स्वस्त झाले. अण्णांचे स्पीकर त्याआधीच्या हिशोबाचे. आजच्या साध्या घरगुती स्पीकरला १ वॉट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबलच्या आसपास आवाज येतो. या जातीच्या स्पीकरला तोच १ वॉट दिला तर १००च्या आसपास. १३ डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीच्या भाषेत २० पट.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी पहिली चूक तीच केली जी सगळे करतात. मोठा स्पीकर म्हणून मोठा अँप्लिफायर आणला, १०० वॉटचा. चालू केला आणि गाणं लावायच्या आधीच कर्ण्यातून सुंऽऽ असा आवाज येऊ लागला. कढईत तेल तापल्यासारखा. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी जाईना, कारण तो अँप्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यातला स्वतःचाच आवाज होता. साध्या स्पीकरवर तो कधीच कळला नसता, इथे सोफ्यावर ऐकू येत होता. आणि व्हॉल्यूमचं बटण जरा हलवलं की घर दणाणायचं. हिशोब साधा आहे. सीडी प्लेयर पूर्ण आवाजात सुमारे २ व्होल्ट देतो. ते २ व्होल्ट जसेच्या तसे ८ ओहमच्या स्पीकरला मिळाले तर अर्धा वॉट होतो. म्हणजे या स्पीकरमधून १ मीटरवर ९७ डेसिबल, शेजाऱ्यांनी बेल वाजवावी इतका आवाज. माझा अँप्लिफायर त्या २ व्होल्टना आणखी २५-३० पट वाढवायला बसला होता. म्हणजे मी सगळा वेळ बटणाच्या पहिल्या करंगळीभर भागात घालवत होतो, आणि तिथे डावी-उजवी बाजू धड सारखीही वाजत नाही.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. एका मित्राकडून ३००बी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर उसना आणला, जेमतेम ८ वॉटचा. कर्णेवाल्या मंडळींचा हा कुलदेव. माणसाचा आवाज त्यावर असा लागला की बायकोही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. पण तंबोरा आणि तबल्याचा डग्गा लागले की खालचा भाग फुगायचा. स्पीकरचा विरोध पाटीवर ८ ओहम लिहिलेला असला तरी खर्जात एका ठिकाणी तो कितीतरी पट चढतो. अशा अँप्लिफायरची पकड सैल असते, म्हणून तो नेमका तिथेच जास्त बोलतो. त्यात आमच्या १२ फूट रुंद हॉलचा स्वतःचा गुंजारव ४७ हर्ट्झच्या आसपास. दोघांनी मिळून डग्ग्याचा ढोल केला. शिवाय व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटची बारीक घरघर, विजेच्या ५० हर्ट्झची. साध्या स्पीकरने ती पोटात घातली असती. हे स्पीकर काहीच पोटात घालत नाहीत.

शेवटी पासोड्या विठोबाजवळच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. गणपतीच्या दिवसांत त्यांच्याकडे हजारो वॉटच्या गोष्टी घेऊन पोरं येतात. मी म्हणालो, १० वॉट पुरेत, पण शांत हवेत. वाढ कमी आणि पकड बऱ्यापैकी घट्ट. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 'एवढ्या मोठ्या स्पीकरला एवढासा?' मग दोन महिन्यांत ईएल-८४ व्हॉल्व्हच्या जोड्यांचा, थोडा फीडबॅक दिलेला अँप्लिफायर करून दिला. कर्ण्याला कान लावला तरच सुसकारा ऐकू येतो. माझ्या लेखी हीच खरी परीक्षा: अशा स्पीकरला अँप्लिफायर निवडताना तो किती मोठ्याने वाजतो हे नाही, किती गप्प बसतो हे पाहायचं.

एवढं होऊनही अण्णा काही बोलले नाहीत. ऐकायला बसवलं की बसायचे, पाच-दहा मिनिटांनी उठून खिडकीत. एकदा मी वैतागून म्हणालो, 'अण्णा, ३१ वर्षं याच्यावर पिक्चर ऐकलेत तुम्ही. कसं वाजायचं तेव्हा, तेवढं तरी सांगा.'

'मी कुठं ऐकलं?' ते म्हणाले. 'मी केबिनात.'

माझ्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टरची खडखड, आर्कचा धूर, आणि पिक्चरचा आवाज यायचा तो भिंतीवरच्या वीतभर स्पीकरमधून. वीसेक मिनिटांनी रीळ संपणार, त्याआधी दुसरं मशीन तयार. बाहेर जाऊन ऐकायला वेळ कुणाला? कानही बहुधा त्या खडखडाटानेच खाल्ले. मग हॉलमधला आवाज बरोबर आहे हे कसं कळायचं? डोअरकीपर शेवटच्या रांगेत उभा राहून टॉर्च दाखवायचा. एकदा लुकलुकला की वाढव, दोनदा की कमी कर. 'हाऊसफुल्ल असला की दोन घरं वर ठेवायचा. माणसं आवाज पितात. रिकाम्या थेटरात आवाज फिरत राहतो, बसत नाही.' मग हॉलकडे नजर टाकून म्हणाले, 'हे रिकामं थेटर आहे.'

मी उठून टाळी वाजवली. भिंतींमधून टणटणत परत आली. गुळगुळीत फरशी, रंगवलेल्या भिंती, काचेचं शोकेस. अण्णांना शब्द का कळत नव्हते ते तेव्हा ध्यानात आलं. म्हातारपणी कान वरच्या पट्टीतले आवाज आधी सोडतात आणि शब्दांची धार असते ती तिथेच, स, श, त, फ अशा व्यंजनांत. आवाज मोठा केला की स्वर मोठे होतात, आणि भिंतींवरून उशिरा परतणारे तेच स्वर पुढची व्यंजनं झाकून टाकतात. कर्ण्याचा खरा फायदा वॉटचा नव्हताच. कर्णा आवाज एका दिशेला धरून सोडतो. ऐकणाऱ्याकडे थेट जास्त जातो आणि भिंतींकडे कमी. पण तो नीट रोखला तर.

पुढचे दोन रविवार घर उलटंपालटं झालं. स्पीकर लांब भिंतीशी होते, तिथून सोफा जेमतेम आठ फुटांवर. इतक्या जवळून गायकाचा गळा वरून आणि छाती खालून ऐकू यायची. ते १२ फुटी भिंतीशी नेले, सोफा मागच्या भिंतीपासून सोडवून अकरा फुटांवर ठेवला. कोपऱ्यात सरकवले की खर्ज भरतो, आणि सिनेमाचे स्पीकर ५० हर्ट्झखाली तसे दुबळेच. पण अगदी कोपऱ्यात पुन्हा घुमायला लागलं म्हणून फूटभर अलीकडे घेतले. तोंडं इतकी आत वळवली की दोन्ही कर्ण्यांच्या रेषा मधल्या माणसाच्या जरा पुढेच एकमेकींना छेदतील.

मग कर्णा आणि खालचा शंकू यांची वेळ जुळवली. आमच्यात ८०० हर्ट्झला एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं. तिथे ध्वनिलहरीची लांबी ४३ सेंटिमीटर. दोघांत अर्ध्या लहरीचं, म्हणजे वीतभर अंतर पडलं, तर दोघं मिळून एकमेकांना गप्प करतात. युक्ती अशी: कर्ण्याच्या तारा मुद्दाम उलट्या जोडायच्या, ८०० हर्ट्झचा सूर लावायचा आणि कर्णा मागेपुढे सरकवत आवाज सगळ्यात कमी कुठे होतो ते शोधायचं. तिथे थांबून तारा सुलट केल्या की दोघं एकत्र पाऊल टाकतात. मुलगा कर्णा सरकवत होता, मी सोफ्यावर फोनमधला मीटर बघत होतो. जागा मिळाली ती खोक्याच्या कडेपासून चार बोटं मागे. तिथे मी पेन्सिलने रेघ मारून ठेवली आहे.

राहिली प्रेक्षक भरायची गोष्ट. ट्रंकेवरच्या गोधड्या काढल्या. चार गोधड्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, भिंतीपासून दोन इंच सोडून टांगल्या. खर्जाला गोधडी पुरत नाही, म्हणून पाहुण्यांच्या जाड कापसाच्या गाद्या गुंडाळून मागच्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. अण्णा बघत होते. आईच्या जुन्या लुगड्यांचे काठ त्या गोधड्यांमध्ये ओळखू येतात. ते उठले, एका गोधडीचं वाकडं टोक सरळ केलं आणि परत जाऊन बसले. मी टाळी वाजवली. ती वाजली आणि संपली.

संध्याकाळी त्यांना मधल्या जागेवर बसवून 'सामना' लावला. १९७५चा हा पिक्चर त्यांनी टॉकीजमध्ये किती वेळा चालवला असेल, त्यांनाही आठवत नाही. लागू आणि निळू फुले समोरासमोर बसून बोलतात, आरडाओरडा नाही, सगळी मजा शब्दांत. टीव्हीवर जो आवाज ते ठेवायचे त्या सवयीने मी बटण वर नेलं होतं. थोड्या वेळाने अण्णांनी हात वर केला आणि मूठ दोनदा उघडून मिटली. मला कळेना. पुन्हा तेच, दोनदा. मग लक्षात आलं: कमी कर.

कितीतरी वर्षांत त्यांनी आवाज कमी करायला सांगितला नव्हता.

चमत्कार काही झाला नाही. झांज, पैंजण, सतारीच्या वरच्या तारा त्यांना आता ऐकू येत नाहीत, त्या कोणताही कर्णा परत आणून देणार नाही. काही वाक्यं त्या दिवशीही सुटली. आमच्याशी बोलताना अजून 'आँ?' करतात. पण मारुती कांबळेबद्दलचा तो प्रश्न आला तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, 'मास्तरचा श्वास ऐकू येतोय रे.' आणि पिक्चर संपेपर्यंत खिडकीकडे गेले नाहीत.

आता अँप्लिफायरच्या बटणाशी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका आहे. तो अण्णांचा. बायकोने लावला. मीटर म्हणतो, त्या ठिपक्यावर आमचे भोंगे वॉटचा दहावा हिस्साही खात नसतील. खालच्या मजल्यावरून फोन येणं बंद झालंय. फक्त दिवाळीला पाहुणे आले की गाद्या कोपऱ्यातून काढाव्या लागतात, आणि मग ते जाईपर्यंत अण्णा म्हणत राहतात, 'आज हाऊसफुल्ल आहे, दोन घरं वर ठेव.'