सांगाडा एकाचा, अंगरखा दुसऱ्याचा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या लहानपणी घरातल्या दोन फेऱ्या ठरलेल्या असत. एक कापडवाल्याकडे आणि दुसरी शिंप्याकडे. कापड घ्यायचे ते गिरणीचा शिक्का पाहून आणि शिवायला टाकायचे ते शिंप्याचा हात पाहून. सदरा अंगात घालून बाहेर पडल्यावर कोणी ‘वा! छान आहे हं!’ म्हटले, तर ती शाबासकी गिरणीची की शिंप्याची, हा प्रश्न त्या वयात कधी पडला नाही. आता पंचेचाळिशी गाठल्यावर पडतो. आणि तो पडायला कारण झाल्या आहेत मोटारी. त्याही साध्यासुध्या नव्हेत, तर शर्यतीच्या घराण्यातल्या, लांब नाकाच्या आणि बसक्या अंगाच्या, ज्यांची चित्रे कॉलेजातली मुले भिंतीवर लावतात, त्या.

मराठीच्या प्राध्यापकाने या वाटेला जावे याचे पुष्कळांना नवल वाटते. माझ्या मालकीचे आजवरचे सर्वांत वेगवान वाहन म्हणजे एक स्कूटर. पुतण्याकडून आणलेली मोटारींची जाडजूड पुस्तके मी रात्री वाचीत बसलो की सौ. म्हणते, “अहो, त्या इटलीतल्या गाड्यांचे राहू द्या, आपल्या स्कूटरवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसली आहे.” तिचे म्हणणे खरे आहे. पण धूळ काय, उद्याही पुसता येते!

या पुस्तकांनी मला सांगितलेली पहिली गंमत अशी, की जगातल्या नामांकित मोटारींपैकी कितीतरी मोटारी ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात, त्यांनी त्यांचे अंग घडवलेलेच नाही. इंजिन त्यांचे, चाके त्यांची, खालची चासी त्यांची. पण डोळ्यांना दिसते ती सारी बॉडी बाहेरच्या कारागिराने बांधलेली. ही रीत बग्ग्यांच्या काळापासूनची. लंडनची बार्कर आणि हूपर ही घराणी मूळची घोड्यांच्या गाड्या बांधणारी. घोडे गेले, इंजिन आले, तरी ती बांधीतच राहिली. रोल्स-रॉइससारखी बडी कंपनीसुद्धा दुसऱ्या महायुद्धापर्यंत पुरती मोटार विकतच नसे. ती इंजिनासकट चासी द्यायची आणि गिऱ्हाईक ती घेऊन आपल्या आवडत्या कारागिराच्या दारात जायचे. आपल्या संस्थानिकांनी हौसेने मागवलेल्या कित्येक मोटारी अशाच दोन घरचे पाणी प्यालेल्या होत्या.

आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. मुंबई-पुणे रस्त्यावर नुसती चासी चालवत नेणारे ड्रायव्हर मी लहानपणापासून पाहिले आहेत. ना दार, ना छप्पर, ना काच. डोक्याला-तोंडाला फडके गुंडाळलेले आणि एका फळकुटावर स्वारी बसलेली. पुढे कुठेतरी त्या सांगाड्यावर बॉडी बांधली जाणार, आणि मग मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवले जाणार. आपल्या एस.टी.च्या गाड्यासुद्धा अशाच चासी घेऊन दापोडीच्या कार्यशाळेत बांधल्या गेल्या. फरक इतकाच, की आपल्याकडे बॉडी बांधणाऱ्याला कोणी कलावंत म्हटले नाही. इटलीत म्हटले.

आणि का म्हणू नये? ही कामे कशी होत ते पाहण्यासारखे आहे. मोठा कारखाना पत्र्याला आकार देतो तो अवजड सांच्यांत दाबून. ते सांचे इतके महाग, की हजारो गाड्या खपल्या तरच परवडावेत. वर्षाला चाळीस-पन्नास गाड्या काढणाऱ्या फेरारीसारख्या माणसाला ते कुठून जमणार? तेव्हा मग कारागीर आला. आधी मोटारीच्या आकाराचा लाकडी ढाचा करायचा. मग अॅल्युमिनियमचा पत्रा वाळूने भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायचा, दोन चाकांमधून पुन्हा पुन्हा फिरवून गुळगुळीत करायचा, ढाच्यावर लावून बघायचा, पुन्हा ठोकायचा. आमच्या पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या घागरी मठारताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला निराळे काही सांगायला नको. अशा हातघडणीच्या मोटारीची उजवी बाजू डावीशी ताडून पाहिली तर सूतभर फरक निघतो म्हणतात. निघणारच. दोन कानसुद्धा कुठे सारखे असतात?

मिलानच्या ‘टूरिंग’ नावाच्या कारखान्याने तर यात एक शास्त्रच काढले. बोटाएवढ्या बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा करायचा आणि त्यावर अॅल्युमिनियमचे पातळ कातडे चढवायचे. नाव ठेवले ‘सुपरलेजेरा’, म्हणजे अतिशय हलकी. १९४८ साली तुरीनच्या प्रदर्शनात फेरारीची जी उघडी, होडीसारखी मोटार लोकांनी डोळे भरून पाहिली, ती याच हातांची. जेम्स बाँडच्या ‘गोल्डफिंगर’मधली अॅस्टन मार्टिन आठवते ना? ती बांधली इंग्लंडात, पण रीत मिलानची, परवान्याने घेतलेली; आणि तिच्या नाकाडावर ‘सुपरलेजेरा’ ही अक्षरे कंपनीने प्रामाणिकपणे लावली होती. त्याच कंपनीने आपल्या एकोणीस मोटारींच्या चासी इंग्लंडातून मिलानला झागातो या दुसऱ्या कारागिराकडे धाडल्या होत्या. एवढा खटाटोप कशासाठी? तर त्याचा हात हलका, आणि त्याचे वळण निराळे! शिंप्याविषयी आमची आजी असेच काहीसे बोलायची.

पण यातला सर्वांत रंगतदार प्रसंग १९५१ सालचा. एका बाजूला मोदेनाचे एन्झो फेरारी, दुसऱ्या बाजूला तुरीनचे बात्तिस्ता फारीना. या फारीनांना घरात ‘पिनिन’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचे ‘बाळ’ किंवा ‘छोटू’. दोघांनाही एकमेकांची गरज होती. पण फेरारी तुरीनला जायला तयार नाहीत, फारीना मोदेनाला यायला तयार नाहीत. मुलगी दाखवायची कोणाकडे, यावर दोन्ही पक्ष अडून बसावेत तसला प्रकार! शेवटी मधल्या तोर्तोना गावातल्या एका खानावळीत दोघे भेटले आणि सोयरीक जमली. पुढच्याच वर्षी या जोडीची पहिली मोटार बाहेर पडली आणि नंतरची साठ वर्षे, थोडे अपवाद सोडले, तर फेरारीच्या मोटारींचे रूप याच घराण्याने ठरवले. १९६१ साली तर इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने ‘पिनिन’ आणि ‘फारीना’ मिळून पिनिनफारीना हे त्यांचे कायदेशीर आडनावच झाले. घरातले लाडाचे नाव सरकारी दप्तरात चढण्याचे भाग्य किती जणांना लाभते?

इथवर सारे ठीक आहे. चित्रे काढणाऱ्याला मान मिळाला, आडनावापर्यंत मिळाला. पण चित्र कागदावर असते. ते पत्र्यावर उतरवणारा मोदेनात होता. त्याचे नाव सेर्जिओ स्काल्येत्ती. तेराव्या वर्षीच तो कामाला लागला. शर्यतीत चेपलेले मडगार्ड ठोकून सरळ करता करता तो फेरारींच्या नजरेत भरला, आणि १९५१ पासून त्याने आपला कारखाना थाटला. त्याचे काम पुष्कळसे नजरेवर चाले. फेरारीची २५० जीटीओ ही मोटार, जिच्यावरून आज सारे संग्राहक जीव टाकतात, तिची बॉडी पिनिनफारीनांची नव्हे. ती स्काल्येत्तीच्या हाताखाली घडली. १९६२ ते १९६४ या काळात असल्या फक्त ३६ मोटारी झाल्या. त्यांतली एक २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. त्या दिवशी जी वस्तू विकली गेली ती इंजिन होती, की नाव होते, की कोणा हातोडेवाल्याने दुपारच्या जेवणाआधी संपवलेला एक बाक होता? स्काल्येत्तीचे नाव निदान पुस्तकांत आहे. त्याच्या कारखान्यात हातोडा धरणाऱ्या इतरांची नावे मला एकाही पुस्तकात सापडली नाहीत.

हे मला लागते, त्याला कारण आहे. माझे वडील एका छापखान्यात खिळे जुळवीत. नवे पुस्तक बांधून आले की त्याची एक प्रत ते तासाभरासाठी घरी आणीत. आई वास घेऊन पाही, मी चित्रे शोधी. वडील मात्र नेमके एखादे पान काढीत आणि म्हणत, “या पानाला ‘ळ’ संपला होता. दुसऱ्या केसमधून काढून आणला.” मग दोन ओळींमधल्या जागेवरून ते बोट फिरवीत. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर असे, प्रकाशकाचे आत असे, मुद्रकाचे मागे बारीक अक्षरांत असे. खिळे जुळवणाऱ्याचे नाव घालण्याची रीत नव्हती आणि वडिलांनीही ती कधी मागितली नाही. त्या पुस्तकांपैकी एक मी आता वर्गात शिकवतो. लेखकाच्या शैलीवर तासभर बोलतो, मुले टिपणे घेतात, आणि त्या पानापाशी आलो की माझी नजर आशयाकडे न जाता ‘ळ’ शोधू लागते. मुलांना ते कळत नाही, आणि परीक्षेला ते येणारही नाही.

तशी जोडकामांत ही ओढाताण असतेच. ‘गीतरामायण’ गदिमांचे की बाबूजींचे, हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये चहाबरोबर अधूनमधून निघतो आणि चहाबरोबरच संपतो. तिथे निदान दोन्ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. मोटारींच्या दुनियेत तेवढेही नाही. १९६५ साली तुरीनच्या प्रदर्शनात लांबोर्गिनी या नव्या कंपनीने एक नुसती चासीच मांडून ठेवली, अंगावर काही नाही! सगळे बॉडीवाले येऊन बघून गेले. शेवटी नुच्चो बेर्तोने आला आणि म्हणाला, तुमच्या या पायाला बसेल असा जोडा मीच करून देतो. असे सांगतात खरे; खोटे असले तरी सुंदर आहे. चार-पाच महिन्यांत जोडा तयार झाला, तीच ‘मिउरा’. पण बेर्तोनेच्या कारखान्यात ती कागदावर कोणी काढली? मार्चेल्लो गांदिनी या जेमतेम सत्तावीस वर्षांच्या पोराने. त्याच्या आधी त्या खुर्चीवर जॉर्जेत्तो जुजारो बसत असे, आणि त्यातले त्याचे किती, याचे याचे किती, यावर पुढे कित्येक वर्षे शाई सांडली.

याहून मासलेवाईक गोष्ट स्वीडनच्या व्होल्व्होची. त्यांच्या पी १८०० या देखण्या मोटारीला इटालियन हात लागला आहे, अशीच कंपनीची जाहिरात. प्रत्यक्षात ती काढली होती पेले पेटरसन या स्वीडिश तरुणाने. तो तेव्हा इटलीत फ्रुआ नावाच्या कारागिराकडे उमेदवारी करीत होता. साहेबांना हवे इटालियन, आणि निघाले घरचेच! हे कंपनीने उघड कबूल केले ते २००९ साली, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकाने. त्या मोटारीची वरातही पाहण्यासारखी. पत्र्याची बॉडी स्कॉटलंडात दाबायची, जोडणी इंग्लंडात जेन्सनच्या कारखान्यात, आणि विकायची स्वीडनच्या नावाने. कामाच्या दर्जावरून कुरबुरी इतक्या झाल्या, की पहिल्या सहा हजारांनंतर जोडणीचे बिऱ्हाड १९६३ मध्ये स्वीडनला हलवावे लागले. जेन्सनवाले अगदीच कच्चे होते असे नव्हे. ऑस्टिन-हीलीच्या बॉड्या त्यांनीच वर्षानुवर्षे पुरवल्या. पण तीन स्वयंपाकघरांत मिळून एक पुरण शिजवायचे म्हटल्यावर कुठेतरी करपणारच. अमेरिकनांनी तर कहर केला. त्यांच्या कॅडिलॅक अलांतेच्या बॉड्या १९८६ नंतर काही वर्षे पिनिनफारीनांकडून तयार होऊन तुरीनहून डेट्रॉइटला विमानाने जात. बोइंग ७४७ मध्ये एका खेपेला ५६! तिथे त्यांत इंजिन बसवायचे. खर्चाचे गणित कोणी मांडले होते कोण जाणे.

काही शिंपी हुशार निघाले, त्यांनी गिरणीच काढली. विल्यम लायन्स नावाच्या गृहस्थाने १९२२ साली ब्लॅकपूलमध्ये मोटारसायकलच्या बाजूला जोडायच्या टपांपासून सुरुवात केली. मग लहानग्या ऑस्टिन मोटारीवर तो आपल्या बॉड्या चढवू लागला आणि पुढे त्याने मोटारीच काढल्या. तीच जग्वार. जर्मनीत उलटे झाले. पोर्शच्या बॉड्या बांधणारे रॉयटर कुटुंब. त्यांचा कारखाना १९६३ मध्ये पोर्शनेच घ्यायचे ठरवले. घराण्याच्या हाती राहिल्या त्या फक्त मोटारीतल्या खुर्च्या. ‘रॉयटर’चे ‘रे’ आणि बॉडीला तिकडे म्हणतात त्या ‘कारोसेरी’चे ‘कारो’ जोडून ‘रेकारो’ असे नाव घेऊन त्यांनी त्याच विकल्या. वाडा गेला, पाट राहिले.

मग हळूहळू सांगाडा आणि अंगरखा हा भेदच उरला नाही. पत्र्याचे कवच हाच मोटारीचा कणा झाला. वेगळी चासी नाही, तर वर बॉडी कशावर बांधणार? टूरिंगने १९६६ मध्ये दारे लावली. नाव पुन्हा जागे झाले ते चाळीस वर्षांनी. बेर्तोनेचे २०१४ मध्ये दिवाळे वाजले. पिनिनफारीनांची कंपनी कर्जात बुडाली, आणि २०१५ च्या डिसेंबरात तिचा मोठा हिस्सा घेण्याचा करार कोणी केला? आपल्या मुंबईच्या महिंद्रांनी! ही बातमी वाचली तेव्हा मी, वाहन म्हणून स्कूटर असलेला माणूस, उगाचच ताठ बसलो.

स्काल्येत्ती २०११ पर्यंत जगले. त्याआधी २००४ मध्ये फेरारीने आपल्या एका नव्या मोटारीला त्यांचे नाव दिले. अॅल्युमिनियमची ती बॉडी मोदेनातच, त्यांच्या जुन्या कारखान्यात बांधली जात असे. त्या मोटारीचे चित्र मात्र पिनिनफारीनांकडचे होते.